मास्तरांची डबी

मास्तरांनी मला शिकवलं, हे मला दीड वर्षानं कळलं. आणि कळलं तेव्हा असा संताप आला की हातातली कोंबडीची पाटी तिथंच आदळावी आणि सरळ पिंपळवंडीला घरी निघून जावं.

झालं असं. जुन्नर तालुक्यात सापडलेले जखमी बिबटे, विहिरीतून काढलेले बिबटे जिथं ठेवतात, त्या केंद्रात मी रोजंदारीवर लागले. काम म्हणजे कोंबड्या तोडायच्या, तोलायच्या, पिंजऱ्यांमधल्या गल्ल्या धुवायच्या. पहिल्याच दिवशी मी मधलं लोखंडी फाटक धाडकन लावलं. आमच्या घरची सवयच तशी. दार हळू लावलं तर म्हैस ढकलून आत येते. फाटक वाजलं तशी सगळ्या पिंजऱ्यांत एकदम धावपळ, गुरगुर. मास्तर रागावले नाहीत, आपलं काम करत राहिले. चारपाच दिवसांनी माझ्या हातून कधी नव्हे ते फाटक हळू लागलं, तर त्यांनी खिशातून चार भाजलेल्या शेंगा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि निघून गेले. मला वाटलं, म्हातारा मायाळू दिसतो. मग अधूनमधून शेंगा मिळत राहिल्या. कशाबद्दल, ते मी कधी विचारलं नाही. दीड वर्षानं जीपचा ड्रायव्हर हसत म्हणाला, "तुला शेंगा व्हय? मला जीप हळू लावली की करवंदं."

मी तशीच जाऊन मास्तरांसमोर उभी राहिले.

"मास्तर, मी काय बिबट्या हाय?"

"न्हाई," ते म्हणाले. "बिबट्या आठ दिसांत शिकला आसता."

मास्तर काही खरे मास्तर नव्हेत. स्वतःची शाळा तिसरीपर्यंत. घोडेगावाहून डोंगरात जी एसटी जाते तिच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, पुढं अर्धा तास चालायचं, मग त्यांचं गाव. भाताची चार खाचरं, वरच्या अंगाला नाचणी. पण त्यांची उभी हयात पिंजऱ्यांपुढं गेली. बिबट्यांना ते शिकवायचे आणि त्याला 'शाळा' म्हणायचे, म्हणून ते मास्तर. बिबट्याला काय शिकवतात मेलं, असं मी लागल्या लागल्याच विचारलं होतं. तर म्हणाले, "शेपटी द्यायला."

मला वाटलं, नवी बाई बघून थट्टा करतात. दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एक म्हातारा नर होता, त्याला मूत्रपिंडाचा त्रास, डॉक्टर मॅडमना दर महिन्याला त्याचं रक्त तपासायला लागायचं. मास्तर जाळीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "या पावणं, बसा." तो आडदांड प्राणी आला, जाळीला अंग लावून आडवा झाला आणि खालच्या फटीतून शेपटी बाहेर! मॅडमनी शेपटी धरली, सुई टोचली, रक्त काढलं. तोवर बिबट्या पलीकडच्या टोकाला मास्तरांच्या चिमट्यातून सुपारीएवढे कोंबडीचे तुकडे खात होता. अगं आई गं! माझ्या हातातली बादली सुटली. ज्याच्या धाकानं आमच्या गावात दिवस मावळला की पोरांना अंगणात सोडत नाहीत, तो इथं सुई टोचून घेत होता, तेही न बांधता, भूल न देता.

"मारून शिकवलं का हो?" मी विचारलं.

"मारलं आसतं तर शेपटी दिली आसती का? तुमी द्याल?"

"मला शेपटी न्हाई," मी म्हणाले. त्यावर ते दिवसभर एकटेच हसत होते.

सगळी युक्ती होती त्यांच्या डबीत. मी लागायच्या आधी बाहेरून कुणी एक बाई आल्या होत्या, त्यांनी चार दिवस सगळ्यांना धडे दिले. जनावरानं बरोबर केलं त्याच क्षणी शिट्टी वाजवायची, आणि शिट्टी वाजली की खाऊ द्यायचाच. म्हणजे त्याला नेमकं कळतं, आपल्याला कशाबद्दल मिळालं. बाकीच्यांनी शिट्ट्या खिशात घातल्या आणि विसरून गेले. मास्तरांच्या डोक्यात ते घट्ट बसलं. पण त्यांना पुढचे दात नव्हते, शिट्टीत वारा राहीना. मग त्यांनी आपली तंबाखूची डबी काढली. दोन तोंडांची, एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना. आपल्याकडं पारावर बसलेल्या कुणाच्याही खिशात निघेल तसली. झाकण अंगठ्यानं उडवलं की टक् वाजतं. तो टक् म्हणजे शाब्बास. शेपटी हलली, टक्, तुकडा. शेपटी फटीजवळ आली, टक्, तुकडा. दोनतीन मिनिटं झाली की "शाळा सुटली!" म्हणून उठायचे. एखाद्याला जमेनासं झालं तर त्याला येत असलेलं सोपं काहीतरी करायला लावायचे, टक् करायचे, मगच सोडायचे. कुणालाही रडत घरी पाठवायचं नाही म्हणायचे.

तंबाखू त्यांनी केव्हाच सोडली होती. जनावराला तुकडा देता देता हात तोंडाकडं न्यायला नको, म्हणून. डबी नुसती रिकामी, वाजवण्यापुरती.

त्यांचं सगळंच तऱ्हेवाईक. बिबट्यांना अहोजाहो, नर सगळे 'पावणं', माद्या सगळ्या 'बाई'. माणसांना मात्र अरेतुरे, त्यातून केंद्राचे साहेब, डॉक्टर मॅडम आणि मी तेवढे सुटलो. मला 'तुमी' म्हणायचे, आणि हाक मारायचे 'पिंपळवंडीकरीण'. गल्लीच्या वळणावर आधी तीनदा खाकरायचे, जनावर दचकू नये म्हणून. मग तीच सवय साहेबांच्या केबिनपाशी, टपरीवर, आमच्या घरी आले तेव्हा दारातसुद्धा. संक्रांतीला मी नवी साडी नेसून, गजरा माळून गेले तर मला फाटकातूनच परत पाठवलं. "त्यांनला वळखू येनार न्हाई तुमी. घाबरत्याल." मी पुष्कळ चिडले. पण गजरा काढला. आठवड्यातून एक दिवस बिबट्यांना उपास असतो, त्या दिवशी मास्तरही जेवत नसत. मी म्हटलं, "तुम्हाला कशापायी?" तर म्हणाले, "त्यांच्यासमोर डबा सोडू व्हय?" रजा वर्षातून एकच घ्यायचे, दिवाळीच्या तोंडावर, वाघबारसेला. गावी जाऊन वाघोबाला नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हजर.

एकदा वाकताना डबी त्यांच्या खिशातून फरशीवर पडली. टक्! झालं, अकराच्या अकरा बिबटे उठून आपापल्या जाळीपाशी. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "आना कोंबडी." संध्याकाळचं वाटप व्हायचं होतं, मी तोलून ठेवलेलं. मी म्हटलं, "अहो, चुकून पडली ना!" ते म्हणाले, "ते मला ठावं. त्यांनला कसं ठावं?" आणि अकरा जणांना तुकडे दिले. साहेबांची बोलणी खाल्ली, पण आवाज झाला आणि खाऊ नाही, असं त्यांच्या हातून एकदाही झालं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी फाटकावर पाटी लावून घेतली: तंबाखूची डबी बाहेर ठेवून आत यावे. मजूर आले, पाहुणे आले, कुणीही डबी उघडली की बिबटे उगाच जाळीला येतात, आणि काही मिळत नाही, म्हणून. साहेब कधी शाळा बघायला आत आले नव्हते; त्यांना वाटलं, हा व्यसनमुक्तीचा उपक्रम. त्यांनी बैठकीत मास्तरांचं कौतुक केलं. आम्ही हसून हसून बेजार झालो. त्या पाटीवर आपण हसलो, हे पुढं मला फार लागलं.

आता धाकलीचं सांगते.

आमच्याच शिवाराच्या पलीकडं, उसाच्या कडेला, डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात एक तरणी मादी अडकली. तीच ही धाकली. पुढच्या डाव्या पंजाची दोन बोटं गेली. मॅडमनी तिला दोनदा भूल देऊन शिवलं, दुसऱ्या वेळी तिचा श्वास मध्येच थांबला होता. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्यांदा भूल द्यायची माझी हिंमत नाही. जखमेवर रोज दोन वेळा औषध फवारायचं होतं, आणि ती कोपऱ्यात पंजा पोटाखाली दाबून बसायची. जखम चिघळायला लागली. तिचा पिंजरा बाकीच्यांपासून लांब, मागच्या अंगाला, आणि साहेबांचा नियम कडक होता: जिला पुन्हा रानात सोडायचंय तिच्याशी बोलायचं नाही, शिकवायचं नाही, तिला माणसाचा लळा लागता कामा नये. नियम बरोबरच आहे. तो कशासाठी आहे, हे आम्हा दोघांना तेव्हा कळलं असतं तर!

मास्तर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. नुसती डबी वाजवली. चार महिने लागले. तोवर मॅडमनी मांसातून गोळ्या देऊन जखम कशीबशी आवरून धरली. मी चिमट्यानं तुकडा धरायची, ते टक् करायचे. आधी ती कोपऱ्यातून मान वळवायची. मग उठायला लागली. मग आवाज आला की चालत जाळीपाशी. आणि एके दिवशी तिनं तो दुखरा पंजा उचलून आमच्या तोंडासमोर जाळीवर टेकवला. मास्तरांनी फवारा मारला. तिला झोंबलं असणार, कान मागं गेले, पण पंजा हलवला नाही. मला रडूच फुटलं. वाघाचा पंजा बघून रडणारी पिंपळवंडीत मी पहिलीच असेन.

"नियम मोडला आपण," मी म्हणाले.

"मी कुठं बोललो तिच्याशी?" मास्तर म्हणाले. लबाड म्हातारा!

जखम भरली. मॅडमना नवल वाटलं, साहेबांना आनंद झाला. बारा दिवसांनी धाकलीला पश्चिमेच्या डोंगरात सोडायचं ठरलं. मास्तरांनी शेंगदाण्याचे लाडू वाटले. मीही दोन खाल्ले.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी मी शेतावर आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चहा द्यायला गेले. आण्णा बांधावर उकिडवे बसलेले, पाठीला डोक्याच्या वर गेलेला ऊस. चहा प्याले, पाय जरा पसरले, बंडीतून डबी काढली आणि अंगठ्यानं झाकण उडवलं.

टक्.

मी उसाकडं बघितलं. पान हलत नव्हतं. तरी मी आण्णांच्या हातातून डबी हिसकली.

"आगं काय झालं? पाल पडली का तंबाखूत?"

सोडलेलं जनावर डोंगर ओलांडून आपल्या मूळच्या जागी परत येतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. धाकली इथलीच. ती इथंच येणार. आणि तिला आम्ही काय शिकवून पाठवत होतो? हा आवाज आला की माणसाजवळ जायचं, तिथं खायला असतं. इथं जाळी नव्हती. आण्णांच्या हातात चिमटा नव्हता. आणि डबी काय आण्णांचीच? पिंपळवंडीपासून जुन्नरपर्यंत प्रत्येक बांधावर वाजत असणार.

मी तशीच केंद्रावर गेले. उपासाचा दिवस होता, मास्तर पायरीवर नुसते बसले होते. मी ओरडूनच सांगितलं. निम्म्यातच त्यांना उमगलं. डबी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी हळूच शेजारी ठेवली.

"हितं पाटी लावली मी," ते म्हणाले. "रानात कुठं लावू?"

"मी साहेबांना सांगते."

"सांगा. सांगायलाच पायजे. मग ती जलमभर हितंच. आठ पावलं तिकडं, आठ पावलं हिकडं."

"माझे सासरे उसात डबी घेऊन बसतात, मास्तर!"

ते उठले, धाकलीच्या पिंजऱ्याकडं जाऊन आले. मग म्हणाले, "मला अकरा दिस द्या. अकराव्या दिशी तुमीच डबी वाजवा. ती जाळीला आली तर मीच हापिसात जाऊन सांगन. नोकरीवरनं काढलं तरी सांगन."

मी हो म्हणाले. घरी कुणाला काही बोलले नाही. आण्णांची डबी परत दिली नाही, हरवली म्हणून सांगितलं.

पहिले दिवस त्यांनी शिकवलेलं पुसायचा प्रयत्न केला. टक् करायचं, आणि काही द्यायचं नाही. ज्या माणसानं कधी एकदाही फसवलं नव्हतं, तो आता दिवसातून पन्नास वेळा फसवत होता. धाकली आली, पंजा टेकवला, वाट बघितली. काही नाही. पुन्हा टक्. तिनं पंजा जास्त वर नेला. पुन्हा टक्. दुसराही पंजा लावला, जाळीवर उभी राहिली, जाळी हलवली, आमच्या तोंडाकडं बघत राहिली. मास्तर म्हणाले, "तिला वाटतंय तिचंच कायतरी चुकतंय," आणि तोंड फिरवून बसले. तीन दिवसांनी ती आवाज ऐकून पडून राहायला लागली. मी खूश झाले. मास्तर म्हणाले, थांबा. एक दिवस मध्ये सोडला आणि पुन्हा टक् केलं. धाकली धावत आली.

"ह्ये पुसत न्हाई," ते म्हणाले. "झाकतंय निस्तं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि तो उपासाचा दिवस नव्हता. दुसऱ्या सकाळी ते तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, एक दांडकं आणि पाण्याचा पाइप घेऊन आले. डबा-दांडकं माझ्या हातात दिलं.

"आज शाळा न्हाई," म्हणाले. "आज भ्या दाखवायचं."

ते डबी वाजवणार, आणि त्याच क्षणी मी पत्रा बडवायचा, ते पाइप सोडणार. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिकडं पळाली की सगळं थांबणार. टक् झालं. धाकलीनं कान उभे केले. मी डोळे मिटून पत्रा बडवला. डोळे उघडले तर ती पळाली नव्हती. पाण्याच्या झोतात, त्या गोंगाटात, ती थेट मास्तरांसमोर आली होती आणि तिनं पंजा उचलून जाळीवर टेकवला होता. शाब्बासकी मिळायची ती एकच गोष्ट तिला येत होती.

माझं दांडकं थांबलं. मास्तरांच्या हातातून पाइप गळून पडला. मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण ते वाकले, पाइप उचलला आणि माझ्यावर खेकसले, "वाजवा! का थांबलात? वाजवा!" इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला. मी वाजवलं. त्यांनी पाण्याचा झोत नेमका तिच्या तोंडावर धरला. ती भेलकांडली, एकदा आमच्याकडं बघितलं आणि आतल्या खोलीत पळाली. मी रडत होते. मास्तर रडत नव्हते, तेच मला जास्त भयंकर वाटलं.

विश्वास टाकायला तिला चार महिने लागले होते. भ्यायला तीन दिवस पुरले. मग मास्तरांनी टपऱ्यांवरून, मजुरांकडून सात निरनिराळ्या डब्या जमवल्या; ड्रायव्हरची तर त्याच्या खिशातूनच काढली. कुणाचीही डबी असो, कुणीही उघडो, कुठूनही आवाज येवो, तिनं पळालं पाहिजे. ते गल्लीतून वाजवायचे, मी भिंतीआडून. ती पळायची. पत्रा बडवायची गरज राहिली नाही. मास्तर जाळीजवळून गेले तरी ती दात दाखवायची. तेही हवंच होतं, ते म्हणाले.

अकराव्या दिवशी मी पदराखालून आण्णांची डबी काढली. त्या डबीचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. मी झाकण उडवलं. आवाज विरायच्या आत धाकली आतल्या अंधारात गडप झाली.

"शाळा सुटली," मास्तर सवयीनं पुटपुटले.

साहेबांना आम्ही सांगितलं नाही. सोडायच्या दिवशी उजाडता उजाडता जीप डोंगरात गेली. दोर ओढून पिंजऱ्याचं दार वर घेतलं. धाकली बाहेरच येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोर एवढं रान, आणि ती आत दबून बसलेली. साहेब घड्याळ बघत होते. मास्तरांनी खिशात हात घातला.

टक्.

ती जी सुटली ती करवंदीच्या जाळीत दिसेनाशी झाली. मागं वळून बघितलं नाही. साहेब वैतागून म्हणाले, "काय हो मास्तर, तंबाखू आत्ताच खायची होती?" घाट उतरेपर्यंत मास्तरांनी डोळे मिटलेलेच होते. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला आलेच नाहीत, हार टेबलावर पडून राहिला.

आण्णांना डबी मी परत दिली. सगळं खरंही सांगितलं. ते म्हणाले, तुझं आपलं कायतरीच.

यंदा भाताची झोडणी चालू असताना एकदा आण्णा दुपारचे शेतावरून लवकर परत आले. घाम फुटलेला. म्हणाले, "सूनबाई, पाट बघायला वाकून बसलो व्हतो. डबी उघडली, आन् पाठीमागं उसात कायतरी असं धूम पळालं!" मी आणि माझे यजमान गेलो. पाटाचं पाणी झिरपून माती मऊ झालेली. उसातून आलेली पावलं आण्णांच्या पाठीमागं सरळ रेषेत येत होती. शेवटी चारही पंजे जवळजवळ, खोल रुतलेले. जनावर तिथं दबून बसलं होतं. तिथून आण्णा बसले होते ती जागा मी मोजली. पाच पावलं. आणि तिथूनच उलट्या दिशेला माती उडवत गेलेल्या झेपा. मी खाली वाकून पुढचा डावा पंजा बघितला. चारऐवजी दोनच बोटं.

मी तिथंच चिखलात बसले.

वनखात्याला कळवलं, गावात सगळ्यांना सावध केलं, आण्णांचं एकट्यानं उसात जाणं बंद केलं. पंजाचा फोटो मोबाइलवर काढला होता. दुसऱ्या दिवशी घोडेगावाहून वर जाणारी एसटी धरली. मास्तर खळ्यात भात वारवत होते. फार वाळले होते. वळणावर मी तीनदा खाकरले, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला.

"किती पावलं म्हनलात?"

"पाच."

"आन् ती आधीपासनं मागं बसलेली?"

"हो. आण्णा वाकलेले, पाठमोरे. त्यांना पत्ताच नाही. आणि मग त्यांनी डबी उघडली."

ते सुपावर हात ठेवून खाली बसले. "भ्याली," म्हणाले. "लई भ्याली आसंल." आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग एकदम विचारलं, "पंजा कसा टेकतीया? लंगडत न्हाई ना?"

"नाही. चारही सारखे रुतलेत."

"बरं झालं. बरं झालं." आणि जरा वेळानं, "आण्णांना म्हनावं, तंबाखू सोडली तरी डबी सोडू नका. बांधावर पाय ठिवायच्या आदी वाजवायची."

त्यांची स्वतःची डबी खळ्याच्या कडेला, भिंतीच्या कोनाड्यात होती. झाकणावर धूळ बसलेली. मी तिकडं बघते आहे हे त्यांनी बघितलं आणि सूप झटकून कडेला ठेवलं.

निघताना त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चार भाजलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं, "मास्तर, या कशाबद्दल?"

"तिचं सांगाया आलात म्हनून," ते म्हणाले. "म्हंजे पुन्ना याल."